शून्य ओळी

क्वेरी एडिटर उघडला की आधी रंग दिसतात. मायक्रोसॉफ्टच्या मॅनेजमेंट स्टुडिओत सिलेक्ट, फ्रॉम, व्हेअर हे शब्द निळे होतात, अवतरणातला मजकूर लाल होतो, दोन आडव्या रेघांपुढे लिहिलेली टीप हिरवी. एफ ५ दाबलं की प्रश्न सर्व्हरकडे जातो. कंट्रोल धरून एल दाबलं, तर तो उत्तर न देता कुठल्या वाटेनं शोधणार तेवढं दाखवतो. कंट्रोल न सोडता के आणि मग सी दाबलं की निवडलेल्या ओळी टीप होऊन बाजूला राहतात. हे सगळं थोड्या दिवसांत बोटांत बसतं. निपाणीत बसून याद्या चाळणाऱ्याला मात्र एक गोष्ट सवयीची होत नाही, होऊही नये. प्रश्न व्याकरणाला धरून असतो, एफ ५ दाबलं जातं आणि खाली येतं: शून्य ओळी.

अगदी जवळून पाहू. पतसंस्थेच्या सभासदांचं टेबल आहे आणि त्यात गावाचा रकाना आहे. माणूस लिहितो, सिलेक्ट नाव फ्रॉम सभासद व्हेअर गाव बरोबर 'निपाणी'. कुठे लाल नागमोडी रेघ उमटत नाही, स्वल्पविरामही चुकलेला नाही. तरी उत्तर रिकामं, कारण अवतरणाच्या आधी इंग्रजी एन हे एक अक्षर टाकायचं राहिलं. ते नसलं की सर्व्हर अवतरणातला मजकूर डेटाबेसच्या जुन्या अक्षरसंचात बसवायला जातो आणि त्या संचात देवनागरीला जागाच नसते. न, वेलांटी, प, काना, ण, वेलांटी अशा सहा चिन्हांची सहा प्रश्नचिन्हं होतात आणि सर्व्हर सहा प्रश्नचिन्हं नावाचं गाव इमानेइतबारे शोधतो. तसं गाव नाही, म्हणून शून्य. चूक झाल्याचं तो सांगत नाही, कारण त्याच्या लेखी चूक झालेलीच नाही. माहिती भरताना हाच एन राहिला तर ती प्रश्नचिन्हंच टेबलात साठतात, आणि मूळ नाव परत मिळवायला कुठलीही आज्ञा उपयोगी पडत नाही.

क्वेरी ज्या भाषेत लिहितात तिचा उगम पाहिला तर हा मुका नकार जास्तच खुपतो. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये आयबीएमच्या सॅन होजेच्या प्रयोगशाळेतून माहिती तक्त्यांत, म्हणजे रकाने आणि ओळींत, मांडण्याचा विचार पुढे आणला. डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉईस यांनी १९७४ मध्ये त्यावर प्रश्न विचारण्याची भाषा रचली. गणित किंवा प्रोग्रॅमिंग न शिकलेल्यालाही आपल्या कामाचा प्रश्न विचारता यावा, ही त्यांची इच्छा होती. म्हणून ती भाषा साध्या इंग्रजी वाक्यासारखी चालते: आधी काय हवं ते, मग कुठून, मग कोणत्या अटीवर.

सर्व्हर मात्र हे वाक्य त्या क्रमानं सोडवत नाही. तो आधी फ्रॉम पाहतो, मग व्हेअरची अट लावतो आणि सिलेक्टकडे त्यानंतर वळतो. एडिटरची अडचण इथेच होते. सिलेक्ट लिहून थांबलं तर तो रकान्यांची नावं सुचवू शकत नाही, कारण टेबल कोणतं हे अजून त्याला कळलेलं नसतं. जाणकार माणूस आधी खाली फ्रॉमची ओळ लिहितो आणि मग वर येऊन रकाने भरतो. मायक्रोसॉफ्टनं २००७ मध्ये लिंक ही नवी प्रश्नरचना आणली, तेव्हा त्यांनीही फ्रॉम पहिल्या जागी नेलं. आता हाच प्रश्न मराठीत विचारून पाहा: सभासदांच्या यादीतून, निपाणीत राहणाऱ्यांची, नावं सांग. आधी यादी, मग अट, शेवटी क्रियापद. सर्व्हर ज्या क्रमानं काम करतो तोच हा क्रम. कन्नडही क्रियापद शेवटी ठेवते. म्हणजे निपाणीच्या बाजारात दोन्ही भाषा बोलणारा माणूस जन्मापासून ज्या वळणानं प्रश्न विचारत आला आहे, त्याच वळणानं यंत्र उत्तर शोधतं. नव्यानं शिकणाऱ्या मुलांना क्वेरी आधी मराठीत मोठ्यानं बोलायला लावावी आणि मग टाइप करू द्यावी, असं मला मनापासून वाटतं. अट कुठे सैल राहिली ते बोलताना कानाला कळतं.

कानाला कळणारी दुसरी गोष्ट म्हणजे नाव, आणि सीमाभागात खरा पेच तिथे आहे. निपाणी १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलं. महाजन आयोगानं १९६७ मध्ये ते महाराष्ट्राला द्यावं असं सुचवलं, आणि २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. तो निकाल लागेल तेव्हा लागेल. एवढ्या वर्षांत तीच माणसं, तीच शेतं दोन लिप्यांच्या कागदांवर उतरत राहिली. २००० च्या सुमारास कर्नाटकानं 'भूमी' प्रकल्पात सुमारे ६७ लाख जमीनधारकांचे जवळपास दोन कोटी उतारे संगणकावर आणले. हातानं लिहिलेल्या पहाणीची जागा तालुका कचेरीतून मिळणाऱ्या छापील उताऱ्यानं घेतली. अर्ज आले त्या क्रमानंच फेरफार हाताळायचे, कर्मचाऱ्याच्या बोटाच्या ठशाशिवाय नोंद करता येऊ नये, असे बंध त्यात घातले गेले. हे काम मोठं होतं आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण उतारा कन्नडात. कागदपत्रं आपल्या भाषेतही मिळावीत ही इथल्या मराठी माणसाची मागणी जुनी आहे, आणि मला ती सर्वस्वी रास्त वाटते. आपल्या जमिनीच्या कागदावर आपलं नाव कसं लिहिलं आहे, हे ज्याला वाचता येत नाही त्याला ते चुकलं आहे हेही कळत नाही.

यंत्राच्या पोटात मात्र या दोन लिप्या सख्ख्या शेजारी आहेत. युनिकोडनं भारतीय लिप्यांची मांडणी आपल्याकडच्या इस्की या संकेतप्रणालीवरून घेतली. प्रत्येक लिपीला १२८ घरं दिली आणि सगळीकडे अक्षरांचा क्रम एकच ठेवला. देवनागरी क चा क्रमांक २३२५, कन्नड क चा ३२२१. फरक ८९६. न मधला फरक ८९६, ळ मधलाही ८९६. मराठी नाव कन्नडात न्यायचं तर प्रत्येक अक्षरात ८९६ मिळवायचे, इतकं ते सरळ दिसतं. दोन राज्यांना जे साधलं नाही ते एका बेरजेत साधल्यासारखं वाटतं.

पण 'निपाणी'त ८९६ मिळवून जे येतं ते कन्नड कागदावर नसतं. तिथे प चं द्वित्त असतं आणि शेवटची वेलांटी ऱ्हस्व: निप्पाणि. 'बेळगावी'तला बे कन्नडात ऱ्हस्व ए-काराचा. आपला ए बेरजेनं तिकडच्या दीर्घ ए च्या घरात जाऊन पडतो. 'डॉक्टर'मधल्या ॉ ला तर कन्नडाच्या त्या घरात कुणीच राहत नाही, घर रिकामं आहे. लिपी ओलांडायचीही गरज नाही. कऱ्हाड हे नाव देवनागरीतच दोन प्रकारे टाइप होतं: एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण चिन्हागणिक तुलना करणाऱ्या टेबलात ती दोन वेगळी गावं ठरतात.

म्हणून शून्य ओळी आल्या, तर ज्याचं नाव शोधलं त्या माणसाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. आपण विचारलेल्या अक्षरांना जोड मिळाली नाही, इतकंच त्यातून कळतं. खिडकीपाशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला मात्र ऐकू येतं, "आजोबा, तुमचं नाव नाही."

यावर काही जण उपाय सुचवतात: सगळ्या नावांचं एकच शुद्ध रूप ठरवा आणि एका अपडेटनं जुनं सगळं बदलून टाका. मी याच्या पूर्ण विरोधात आहे. एडिटरमध्ये निवडलेला भागच चालवायची सोय असते. बदलाच्या दोन ओळी निवडून तिसरी, व्हेअरची, निवडायची राहिली तर एफ ५ साऱ्या गावाला एकच नाव देऊन मोकळं होतं. हुशार साधनं इथे आडवी येतात. डीबीव्हर व्हेअर नसलेला अपडेट दिसला की विचारतो, मायएसक्यूएल वर्कबेंच तर मुळात तो चालवूच देत नाही. आधी बिगिन ट्रान्झॅक्शन लिहावं, किती ओळी बदलल्या तो आकडा वाचावा आणि मगच कमिट किंवा रोलबॅक करावं, ही शिस्त प्रत्येकानं अंगी बाणवावी. तरीही बदल नीट झाला म्हणजे योग्य झाला असं नाही. सातबाऱ्यावर जुन्या नावाला कंस करतात आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक लिहितात. आधीचं नाव त्या कंसात वाचता येतं. साधा अपडेट असा कंस ठेवत नाही.

त्याऐवजी नावाची जितकी रूपं आढळतील तितकी एका वेगळ्या टेबलात ठेवावीत: कागदावर आहे तसं कन्नड रूप, घरात लिहितात ते मराठी, बँकेच्या पासबुकातलं इंग्रजी. प्रत्येकापुढे ते कुठे सापडलं याची नोंद असावी आणि सगळी रूपं एकाच सभासद-क्रमांकाला जोडलेली असावीत. जमिनीचं काम असेल तर नावानं सुरुवातच करू नये. गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या पद्धतीनं एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्याची मोजणी झाली, तेव्हा शेतांना सर्व्हे नंबर मिळाले. 'भूमी'तही उतारा तालुका, होबळी (गावांचा गट), गाव, सर्व्हे नंबर आणि हिस्सा या वाटेनंच निघतो. तेव्हा व्हेअरमधून नाव काढावं, सर्व्हे नंबर टाकावा आणि पुन्हा एफ ५ दाबावं. ओळ आली की त्यातलं नाव म्हाताऱ्याला वाचून दाखवावं, ते त्याचंच की वडिलांचं हे विचारावं, आणि त्यानं सांगितलेलं रूप त्याच बैठकीत दुसऱ्या टेबलात भरून ठेवावं.