उंबरा

वाईच्या गणपती आळीत एक मुलगी राहायची. बारावीचा शेवटचा पेपर झाला त्या संध्याकाळी तिनं ठरवलं, आता वर्षभर रोज एक फोटो काढायचा. आईचा जुना मोबाईल तिला मिळाला होता. काचेला कोपऱ्यात तडा होता, पण कॅमेरा शाबूत होता.

वाईसारख्या गावात फोटोंना काय तोटा! ढोल्या गणपती झाला, काशीविश्वेश्वर झाला, कृष्णेचा घाट सकाळच्या उन्हात झाला, संध्याकाळच्या दिव्यांत झाला. मेणवलीला जाऊन नाना फडणवीसांचा वाडा झाला. धोमचा नृसिंह, पसरणी घाटाच्या वळणावरून दिसणारं गाव, पाचगणीचं टेबललँड, सगळं झालं. मग एके दिवशी घाटावर उभं राहून तिनं मोबाईल वर केला आणि तसाच खाली घेतला. हा फोटो तिच्याकडे होता. वाईला येऊन गेलेल्या प्रत्येकाकडे होता. दुसऱ्या दिवशी ती मैत्रिणीबरोबर महाबळेश्वरला गेली. दिवस गेला, पैसे गेले, आणि सूर्यास्ताचा जो फोटो मिळाला तो तिथल्या दुकानात टांगलेल्या कॅलेंडरवर आधीच होता. कास पठारावरची फुलं यायला पाऊस सरावा लागणार होता. तोवर रोज काय काढायचं?

आळीच्या टोकाला एक जुना फोटो स्टुडिओ होता. तो चालवणाऱ्या आजोबांनी गावातली निम्मी लग्नं टिपलेली. आता पासपोर्टचे फोटो आणि झेरॉक्स एवढंच काम उरलं होतं. ती तिथं जाऊन स्टुलावर बसली.

"विषय संपले, आजोबा."

आजोबा कटरवर पासपोर्टचे फोटो कापत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "आज सकाळी घरातून निघालीस तेव्हा उंबऱ्यात काय होतं?"

"काही नव्हतं."

"काहीच नव्हतं?"

"म्हणजे, रोजचंच."

"रोजचं म्हणजे काय, ते सांग की."

ती सांगायला लागली आणि अडखळली. रांगोळी होती, पण कोणती काढली होती ते आठवेना. चपला होत्या, पण कुणाकुणाच्या? आई घरात होती की बाहेर गेली होती, ते चपलांवरून कळायला हवं होतं. ऊन आत आलं होतं का? तिनं त्या उंबऱ्यावरून हजारो वेळा पाऊल टाकलं असेल, आणि त्याच्याबद्दल चार वाक्यं काही तिला धड बोलता येईनात.

आजोबांनी कटर बाजूला ठेवला. "हे बघ पोरी, ढोल्या गणपती काल होता तसाच उद्या असणार. त्याचा फोटो एकदा निघाला की निघाला. वस्तू शोधत फिरलीस तर गाव महिन्यात संपेल. आज काय घडलं ते बघायला लागलीस तर नुसता उंबरा वर्षभर पुरून उरेल. उद्यापासून उंबऱ्याच्या दोन हात अलीकडे, दोन हात पलीकडे. त्याबाहेर जायचं नाही. आणि दिवसाला फोटो एकच."

मग कपाटातून त्यांनी कात्रणांची वही काढली आणि प्रागच्या योसेफ सुदेक या छायाचित्रकाराची चित्रं दाखवली. पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा हात गेला. 1940 पासून, शहर जर्मनांच्या ताब्यात असताना, तो आपल्या स्टुडिओच्या खिडकीतून फोटो काढू लागला आणि 1954 पर्यंत काढत राहिला. खिडकी तीच, बाहेरचं वाकडं झाड तेच. काचेवर कधी दव, कधी ओघळ, कधी गोठलेलं बर्फ. ती बराच वेळ पानं उलटत राहिली.

आजोबांचं सांगणं तसं नवं नव्हतंच. कॅमेऱ्यानं टिपलेलं जे सर्वांत जुनं चित्र आज शिल्लक आहे, ते फ्रान्समध्ये निसेफोर न्येप्सनं 1826-27 च्या सुमारास आपल्या घराच्या खिडकीतून घेतलं होतं. दिसतात ती समोरची छपरं. इंग्लंडमध्ये हेन्री फॉक्स टॅल्बटनं 1844 मध्ये एका उघड्या दाराचं चित्र घेतलं. दाराला टेकवून ठेवलेला खराटा, एवढाच त्याचा विषय. इतरांना जिथं बघण्यासारखं काही वाटत नाही तिथं चित्रकाराची नजर थबकते, असं त्यानंच लिहून ठेवलं आहे. ही कला उंबऱ्यावरच वाढलेली आहे. लांबच्या प्रेक्षणीय जागा तिला नंतर चिकटल्या.

पहिल्या सकाळी मुलीनं उभ्यानं फोटो काढला. चपलांचा ढीग, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी ती फरशीवर बसली आणि मोबाईल जवळजवळ जमिनीला टेकवला. सातची वेळ होती आणि दार पूर्वेला. ऊन इतकं तिरपं येत होतं की रांगोळीच्या एकेका कणाला स्वतःची सावली होती. चित्र पांढरंफटक येत होतं म्हणून तिनं पडद्यावर उजेडाच्या जागी बोट टेकवलं आणि खाली ओढलं. फरशी काळसर झाली, कण चमकले. आईच्या चिमटीतून रांगोळी कुठं जाड पडली, कुठं हात उचलला गेला, तेही दिसलं.

मग तिचं लक्ष बसलं. आई तुळशीला पाणी घालून आत यायची तेव्हा ओल्या पायाचा ठसा फरशीवर उमटायचा. मोबाईल उघडेपर्यंत तो वाळायचा. टाच आधी जायची, बोटं शेवटी. तो एक ठसा मिळवायला तिला बऱ्याच सकाळी आधीपासून दबा धरून बसावं लागलं. कधी मुंग्या पाखराचा पंख ओढत उंबऱ्याच्या भेगेपर्यंत आणायच्या आणि तिथं अडायच्या. कधी दुधाच्या पिशवीखाली पाण्याचं तळं साचायचं आणि त्यात दाराची चौकट उलटी दिसायची. एप्रिल सरून मे आला तसा उन्हाचा पट्टा दक्षिणेकडच्या भिंतीकडे सरकू लागला, कारण बाहेर सूर्य रोज थोडा थोडा उत्तरेकडून उगवत होता. हे ती भूगोलात शिकली होती, पण घरात घडताना आता पाहत होती.

कोरे दिवसही आले, आणि ते यायचेच. न्यूयॉर्कच्या जेमी लिव्हिंगस्टननं 31 मार्च 1979 ला रोज एक पोलरॉइड काढायला सुरुवात केली आणि 25 ऑक्टोबर 1997 ला, आपल्या एकेचाळिसाव्या वाढदिवशी, कर्करोगानं त्याचा मृत्यू झाला तोपर्यंत हा नेम चालवला. त्या हजारो चित्रांत नुसती जेवणाची टेबलं आहेत, रस्ते आहेत, मित्रांचे चेहरे आहेत. एकेक सुटं पाहिलं तर त्यातलं बरंचसं साधंच वाटतं. म्हणूनच मला वाटतं, कोऱ्या दिवशीही फोटो काढावा, आणि तो साधा निघाला तर निघू द्यावा.

मुलीचे वडील एसटीत कंडक्टर होते. वाई-महाबळेश्वर गाडीवर त्यांची ड्युटी असायची. रोज पहाटे सँडल घालून निघायचे, संध्याकाळी त्याच जागी काढून ठेवायचे. ते सँडल तिच्या कितीतरी फोटोंत आले होते, कधी कडेला, कधी मागे, धूसर. एका रात्री ती सगळे फोटो एकामागून एक सरकवत होती आणि थांबली. उजव्या सँडलची टाच बाहेरच्या बाजूनं झिजत चालली होती. पहिल्या फोटोत नुसती घासलेली दिसत होती. अलीकडच्या फोटोत तिला चक्क उतार आला होता. डावी टाच मात्र चांगली सपाट होती.

दुसऱ्या दिवशी वडील जाताना तिनं फोटो काढला नाही, त्यांच्या पायांकडे बघत राहिली. ते उजवा पाय किंचित फेकून टाकत होते.

"बाबा, तुमचा गुडघा दुखतो का?"

"छे! घाटात उभं राहून कंडक्टरची चप्पल अशीच झिजते."

तिनं मोबाईल पुढे केला आणि महिन्याभराच्या टाचा ओळीनं दाखवल्या. ते बघत राहिले. मग म्हणाले, "दिवाळीपासून दुखतोय. म्हटलं, उगाच तुम्हाला कशाला घोर?" आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. त्या घरात तिघंच माणसं, एकाच उंबऱ्यावरून ये-जा करणारी, आणि दुखणं कळलं ते झिजलेल्या टाचेवरून.

त्याच आठवड्यात वडिलांनी रजा टाकली, डॉक्टरांना गुडघा दाखवला. सकाळचा व्यायाम मागं लागला. चांभाराकडून सँडलला नवी टाच बसली. मुलीनं तिचा फोटो काढला आणि आजोबांना नेऊन दाखवला. आजोबांनी चष्मा वर करून तो पाहिला, प्रिंट काढली आणि काही न बोलता काउंटरच्या काचेखाली सरकवली, नवरानवरीच्या जोडीशेजारी.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा एका पहाटे वडिलांनीच तिला हाक मारली. ड्युटीची पिशवी खांद्याला, एक पाय बाहेर.

"लवकर ये! बघ, कडीवरून पाणी कसं ठिबकतंय. मोबाईल आण."

ती डोळे चोळत आली, वाकून बघितलं. "बाबा, कडी कालच काढली. आज दुसरं काहीतरी दाखवा."

वडिलांनी घड्याळ पाहिलं. गाडी सुटायला अजून थोडा वेळ होता. पिशवी खुंटीला अडकवून ते उंबऱ्याजवळ उकिडवे बसायला गेले, गुडघा आठवला तसे पाटावर टेकले, आणि बारकाईनं शोधायला लागले.