खोडरबर नसलेली वही

हदगाव तालुक्यात पैनगंगेच्या काठी एक गाव. तिथल्या एका निवृत्त गुरुजींनी ठरवलं, गावाची माहिती गावानंच लिहून ठेवायची. पूर कुठवर आला होता, उन्हाळ्यात कोणत्या विहिरीला पाणी टिकतं, हळद कशी शिजवतात, सगळं. दोनशे पानी वही आणली, वर 'ग्रामकोश' लिहिलं आणि नियम केला : ज्याला काही सांगायचं त्यानं कागदावर लिहून द्यावं. पाच जणांची समिती महिन्यातून एकदा बसेल. मंजूर झालेलं गुरुजी स्वतः शाईनं उतरवतील. वही वाचनालयाच्या कपाटात, किल्ली गुरुजींच्या खिशात.

सहा महिन्यांत साडेतीन पानं भरली. त्यातलं दीड पान मनोगत.

गुरुजींना हसू नका. २००० साली अमेरिकेत न्यूपीडिया नावाच्या विश्वकोशानं हेच केलं होतं. लेखक जाणकार हवा आणि लेख सात पायऱ्यांच्या तपासणीतून उतरायला हवा. तीन वर्षांत जेमतेम दोन डझन लेख झाले. न्यूपीडियाला कच्चा माल मिळावा म्हणून १५ जानेवारी २००१ ला शेजारीच एक उघडं दुकान मांडलं होतं, विकिपीडिया. २००३ मध्ये मूळ दुकान बंद पडलं.

गुरुजींनी मग दुसरं टोक गाठलं. वाचनालयाच्या ओसरीत फळा लावला, खडू ठेवला, डस्टर ठेवलं. कुणीही या, लिहा. आठवड्यात फळा गच्च भरला. पण मारुतीजवळची विहीर कुणी बांधली, यावरून एका भावकीनं दुसरीचं नाव पुसलं. रात्री ते परत आलं, सकाळी परत गेलं. आधी काय लिहिलं होतं ते दाखवायला पुरावा कुठला? महिनाभरानं फळ्यावर फक्त क्रिकेटचा स्कोअर राहिला.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीला, गुरुजी तामशाच्या बारालिंगाच्या देवळात गेले. तिथं त्या दिवशी भाजी-भाकरीची पंगत असते. गावोगावची माणसं घरची भाकरी आणि रानातली भाजी घेऊन येतात. सगळ्यांची भाजी एकत्र शिजत होती, त्या कढईकडं गुरुजी बघत बसले. परत आल्यावर म्हणाले, "तिथं कुणी कुणाच्या भाकरीला मंजुरी देत नाही. आन् कढईत पडलेलं कुणी उपसूनबी काढत नाही."

वही कपाटातून बाहेर आली. पानांना आकडे घातले, पेन दोरीनं बांधलं. डाव्या पानावर माहिती. उजवं पान कोरं, भांडण तिथं करायचं. चूक दिसली तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, पुढं नाव आणि तारीख. खोडरबर नाही, व्हाइटनर नाही. काही पानांवर गुरुजींनी लाल शाईनं नुसतं शीर्षक टाकून खाली जागा सोडली : 'बुजलेल्या विहिरी', 'बंद पडलेले खेळ'. रिकामी जागा दिसली की माणसाचा हात शिवशिवतो.

तरी एक गोम राहिलीच. वाचनालयात बसणार पुरुष. त्यामुळं वहीत सरपंच, शर्यतीचे बैल आणि शाळेची इमारत. बायांना ठाऊक असलेलं काहीच नाही. गुरुजींनी एक दिवस वही उचलून पिठाच्या गिरणीत नेऊन ठेवली. मला विचाराल तर त्यांचा सगळ्यात शहाणा निर्णय हाच. नियम तेच होते, फक्त जागा बदलली.

तिथं एका कॉलेजच्या पोरानं लिहिलं, 'हळद दोन तास शिजवावी.' दळण घेऊन आलेल्या एका म्हातारीनं ते वाचून घेतलं.

"घड्याळ बघून हळद शिजती व्हय रे? कोन लिवलं हे?"

"मीच लिवलं, माय."

"मग लिव आता. कढईवर हळदीचा पाला आन् वरून पोतं झाकायचं. वास सुटला की एक हळकुंड काढून काडी टोचायची. अल्लाद गेली तर शिजली. आन् गड्डे वायले शिजवायचे, त्येला येळ लागतो."

पोरानं आपल्याच ओळीवर रेघ मारली, सही केली. दोन दिवसांनी उजव्या पानावर कुणीतरी लिहिलं, 'आता बॉयलरच्या वाफेवर शिजवतात, पाला-पोतं कोण झाकतंय?' म्हातारीनं त्याच पोराकडून खाली उत्तर लिहवून घेतलं, 'ज्याच्याकडं बॉयलर नाही त्यानं काय करावं?' आता डाव्या पानावर दोन परिच्छेद आहेत, एक कढईचा, एक बॉयलरचा. रेघेखालचे 'दोन तास' अजून वाचता येतात.

विहिरीचं भांडण मात्र मिटलं नाही. उजवीकडची नऊ पानं त्यात गेली. डावीकडं एवढंच राहिलं : 'विहीर कुणी बांधली याबद्दल गावात दोन मतं आहेत.' दोन्ही भावक्या नाराज आहेत, आणि वाक्य टिकून आहे.

गुरुजींनी विकिपीडिया कधी उघडला नव्हता. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे. तिथं नवख्यानं गिरवायच्या पानाला 'धूळपाटी' म्हणतात आणि सगळ्यांनी मिळून बोलायच्या पानाला 'चावडी'. प्रत्येक लेखाच्या माथ्यावर 'चर्चा' आणि 'इतिहास' असतात, म्हणजे वहीचं उजवं पान आणि रेघेखालची अक्षरं. पुढच्या वेळी तिथं काही वाचाल, तेव्हा आधी ही दोन पानं उघडा. आणि आपल्या गावाच्या पानावर हळदीबद्दल काही चुकीचं दिसलं, तर घरातल्या म्हातारीला विचारून दुरुस्त करा.