जाळायचा मुखवटा

नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मारबती, म्हणजे पीडा घालवण्यासाठीचे पुतळे, मिरवणुकीनं निघतात. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. सोबत बडगे असतात: त्या वर्षाच्या महागाईचे, भ्रष्टाचाराचे, रोगाचे पुतळे, बांबूच्या कामट्या, रद्दी, जुनी पोती, सुतळी आणि खळ यांतून उभे केलेले. इतवारी-महालातून मिरवून ते जाळतात. आयुष्यभर अशा साध्या वस्तूंतून घडवणाऱ्यानं आपलं काम राखावं की जाळू द्यावं, हे मला ठरवता आलेलं नाही. म्हणून तो वाद मी दोन काल्पनिक माणसांच्या तोंडी घालतो: बडगे बांधता बांधता म्हातारे झालेले काका आणि चित्रकला शिकलेली पुतणी.

पुतणी : काका, यंदाचा मुखवटा जाळू नका. तुमच्या हातचं एकही काम या शहरात उरलेलं नाही.

काका : उरायसाठी केलंच कधी? लोकांनी आपली पीडा त्याच्यावर टाकली. ते मी घरात ठेवू काय?

पुतणी : पीडा लोकांनी टाकली, पण ते डोळे, ती वाकडी मान तुमची आहे. पिकासोनं १९४२ साली सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं. बस, दोनच वस्तू.

काका : हँडलची शिंगं! पोळ्यात शोभलं असतं. मंग?

पुतणी : मग त्यानं ते ब्राँझमध्येही ओतून घेतलं.

काका : काहून? सीट बी दिसते अन् बैल बी दिसते, यातच तर त्याची करामत. धातूत ओतलं का निस्ता बैल उरते.

पुतणी : मूळ जोडणीही पॅरिसच्या संग्रहालयात आहे. बरं, ते सोडा. घरात पडलं असेल तेच वापरायचं, असं तुम्ही म्हणता. आज घरात काय पडलंय? थर्माकोल, फ्लेक्स, पिशव्या.

काका : ते नाही. त्याचा धूर घशात बसते. पीडा काढायला निघालो, नवी सोडायला नाही.

पुतणी : म्हणजे तुम्ही गोणपाट शोधून, विकत आणता. मग ती घरातली वस्तू कसली?

काका गप्प होतात, आणि मला वाटतं, इथे गप्प व्हायलाच हवं. सहज मिळणारी वस्तू हीच साधी मानली तर आज प्लॅस्टिक हाती घ्यावं लागेल. राखेपर्यंत निरुपद्रवी राहणारी वस्तू साधी म्हणायची, तर तिच्यासाठी आता पैसे आणि पायपीट लागते. २०१८ च्या राज्यव्यापी प्लॅस्टिकबंदीनंतरही हा पेच सुटलेला नाही.

काका : हाव, निवडतो. जाळाचं हे मालूम हाय म्हणून निवडतो. तुझ्या संग्रहालयासाठी केलं तर वाळवीचा विचार करीन, पक्का रंग पाहीन. मंग माझा हातच बदलते.

पुतणी : आणि तुमच्यानंतर? शिकणारं पोर काय पाहून शिकेल?

काका : करतानी पाहून.

पुतणी : पाहायला कोण येतंय? यंदा मी एकटीच आहे.

काका : मंग बस. कामट्या चिर.

पुतणी : बसते. पण प्रत्येक गाठीचं रेखाटन करणार, मुखवट्याचा साचाही घेणार.

काका : रेखाटन कर. साचा नाही. पुढच्या साली तोच चेहरा निघंल, अन् पीडा तर दुसरी असंल.

पुतणी : पण काळी मारबत काळीच राहते ना, काका, पिवळी पिवळीच? त्यांचं रूप आपल्यापर्यंत आलं, म्हणजे कुणीतरी काहीतरी राखलंच असेल की.