पन्नासापैकी किती?

'छान आहे' हे दोन शब्द आपण मराठी माणसांनी इतके वापरले आहेत, की त्यांच्यावरचा छाप पार झिजून गेला आहे. शेजाऱ्यांचा नवा सोफा छान, साहेबांच्या मुलाचा तबला छान, केळवणाची बासुंदी छान, आणि बासुंदीनंतर जबरदस्तीने दाखवलेला साखरपुड्याचा व्हिडिओही छान. फाटकी नोट बँकेत आणली तर आम्ही नियमाप्रमाणे बदलून देतो. झिजलेला शब्द बदलून देणारी खिडकी मात्र मला बावीस वर्षांच्या नोकरीत कुठे दिसलेली नाही.

हे सगळं डोक्यात यायचं कारण माझा भाचा. अक्काचा मुलगा, शिक्षणाने केमिकल इंजिनियर. पुण्यात २००९ साली पहिली मायक्रोब्रुअरी निघाली. मायक्रोब्रुअरी म्हणजे जागच्या जागी बिअर बनवून तिथल्या तिथे पाजणारं ठिकाण. पुढे अशा भट्ट्या वाढत गेल्या, आणि त्यांतल्या एकीत हा गेली दोन वर्षं बिअर बनवतो. अक्का चारचौघांत 'तो फूड प्रोसेसिंगमध्ये आहे' असं सांगते. त्यात खोटं काही नाही. जवावर प्रोसेसिंग होतंच.

तर या भाच्याचा एक दिवस फोन आला. "मामा, पहिल्यांदाच स्वतःच्या रेसिपीने बेल्जियन पेल एल केलीय. ये, पी, आणि खरं काय ते सांग. इथे सगळे नुसतं 'ऑसम' म्हणतात."

ऑसम म्हणजे इंग्रजी शाळेत गेलेलं 'छान'.

पिण्याचं मला फारसं काही वाटलं नाही. आपल्या राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे पिणाऱ्याला परवाना लागतो आणि तो परवाना आरोग्याच्या रक्षणासाठी असतो; तेव्हा मी जे करणार होतो ते प्रकृतीसाठी, हे सरकारी कागदावर आहे. झोप उडवली ती 'खरं सांग' या दोन शब्दांनी. चहात साखर दोन चमचे की तीन, याचं खरंखोटं करता येतं. पण 'चहा चांगला झालाय' या विधानाचं व्हाऊचर कुठे असतं? चवीत खरं-खोटं असतं का मुळात? की व्यक्ती तितक्या प्रकृती म्हणायचं आणि बिल मागवायचं?

आम्ही कॉमर्सवाले. कर्ज मंजूर करण्याआधी कागदपत्रं पाहायची सवय. म्हणून जायच्या आधी आठवडाभर वाचन केलं.

बेल्जियम हा देश आकाराने महाराष्ट्राच्या दहाव्या हिश्श्याएवढा, पण त्याची बिअर-संस्कृती युनेस्कोने २०१६ साली मानवजातीच्या वारशात नोंदवली आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या भट्टीवाल्यांची एक पंचाईत झाली होती. लोक इंग्लंडची एल आणि जर्मनी-बोहेमियाकडची लागर पिऊ लागले. तेव्हा १९०४ च्या सुमारास त्यांनी देशी बिअर सुधारण्यासाठी चक्क स्पर्धा लावली, आणि त्या खटपटीतून तांबूस, मध्यम ताकदीची, रोज पिण्याजोगी बेल्जियन पेल एल पुढे आली. अँटवर्पमध्ये डे कोनिंक नावाची १८३३ सालची भट्टी आहे. तिची एल ज्या गोल पोटाच्या पेल्यातून देतात त्याला 'बोलेके' म्हणतात, आणि तिथला माणूस दुकानात बिअर मागत नाही, बोलेके मागतो. आपण 'एक कटिंग' म्हणतो तसंच. खरी गंमत यीस्टची आहे. संत्र्याचा, पेअरचा वास येतो, पण फळ त्यात औषधालाही नसतं. तो वास यीस्ट तयार करतं. वर भाजलेल्या पावासारखी माल्टची चव, आणि शेवटी हॉप्सचा कडूपणा.

बिअरच्या चवीवर गंभीरपणे लिहिण्याची वाट ज्या इंग्रज लेखकाने रुळवली त्याचं नाव मायकल जॅक्सन. नाचणारा वेगळा. हा बसून प्यायचा आणि उठून लिहायचा. त्याचं जगभरच्या बिअरवरचं पुस्तक १९७७ साली आलं, आणि बेल्जियमच्या बिअरवर त्याने पुढे स्वतंत्र पुस्तकच लिहिलं. बेल्जियममध्येच ऑर्व्हालचा मठ आहे. मठाच्या बांधकामाला पैसा हवा म्हणून साधूंनी १९३१ साली तिथे भट्टी सुरू केली. त्यांची बिअर बाटलीत जुनी होत गेली की तिला एक वास येतो, आणि जाणकार त्या वासाला 'घोड्याच्या पाठीवरचं घोंगडं' म्हणतात. ही निंदा नव्हे, ही दाद! आमच्या आत्याच्या बासुंदीला मी अशी दाद दिली असती, तर केळवण तिथेच मोडलं असतं.

पण सगळ्यांत भावली ती परीक्षकांची गुणपत्रिका. अमेरिकेत १९८५ पासून बिअरच्या परीक्षकांच्या परीक्षा घेणारी एक संस्था आहे. तिच्या कागदावर बिअरला पन्नासापैकी गुण असतात : वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते त्याला ५, एकूण मताला १०. रूपाला पन्नासात तीन! आमच्याकडे स्थळ पाहायला जाणारी मंडळी रूपाला चाळीस देतात आणि उरलेले दहा पत्रिकेला. स्वभाव लग्नानंतर कळतो, त्याला गुण नाहीत.

आता यावर शंकेखोर माणूस म्हणेल, की हे सगळं थोतांड आहे. त्याच्या हातात पुरावाही आहे. फ्रान्समध्ये बोर्दोला २००१ साली एका संशोधकाने वाइनचं शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन दिली, आणि तीच वाइन बिनवासाचा लाल रंग घालून पुन्हा दिली. लाल दिसणाऱ्या पेल्याचं वर्णन पोरांनी लाल वाइनच्या शब्दांत केलं. म्हणजे जीभ बिचारी डोळ्यांच्या हाताखाली कारकून! साहेब म्हणतील तिथे सही. हे वाचून मला आमच्या ब्रँचची आठवण झाली, पण ते जाऊ दे.

उलट बाजूचा साक्षीदार जुना आहे. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७५७ साली रुचीच्या मोजमापावर निबंध लिहिला, आणि त्यात 'डॉन किहोटे'मधल्या सांचो पांझाची एक गोष्ट सांगितली. सांचोच्या घराण्यातले दोघे जण वाइनची पारख करायला बोलावले जातात. एक चाखून म्हणतो, उत्तम आहे, पण किंचित चामड्याची चव लागते. दुसरा म्हणतो, उत्तम, पण लोखंडाची. लोक दोघांनाही हसतात. पुढे पिंप रिकामं होतं, आणि तळाशी सापडते एक जुनी किल्ली, चामड्याची वादी बांधलेली. ह्यूमचं म्हणणं असं, की चव जिभेत असली तरी किल्ली पिंपात असते.

एवढी शिदोरी घेऊन मी एका शनिवारी मुंढव्याकडच्या त्या भट्टीत गेलो. भाच्याने पेला आणून ठेवला. रंग गुळाच्या पाकासारखा, वर पांढरा फेस. तो समोर उभा. निकालाच्या दिवशी शाळेच्या फळ्यासमोर उभी असतात तशी मुद्रा. मी वास घेतला, घोट घेतला, पुन्हा वास घेतला. संत्रं होतं. भाजका पाव होता. आणि त्यांच्या मागे आणखी एक कुणी तरी उभं होतं, फार ओळखीचं.

कोअर बँकिंग आलं तरी आमच्या तळघरातल्या रेकॉर्ड रूममधले व्हाऊचरचे जुने गठ्ठे गेलेले नाहीत. पावसाळा संपला की ती खोली उघडायचं काम कनिष्ठाकडे येतं, आणि माझ्या नोकरीतली बरीच वर्षं कनिष्ठ मीच होतो. ओल धरलेला कागद आणि पुठ्ठा, यांचा वास मी पिंपात घातला तरी ओळखेन.

जिभेवर 'छान' आलंच होतं. पगारी सवय. गिळलं, आणि म्हणालो, "अरे, चांगली आहे, पण मागे ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय. आमच्या रेकॉर्ड रूमचा."

त्याचा चेहरा उतरला. काही न बोलता आत गेला. मला वाटलं, संपलं. आता अक्काला काय सांगायचं? पाच मिनिटांनी बाहेर आला तो वेगळाच माणूस. "मामा, हा केग जुना निघाला. आधीच्या खेपेतला. शीतगृहाबाहेर राहिला असणार. भरताना हवा शिरली आणि उष्णता मिळाली, की बिअर अशीच बिघडते. आमच्या पुस्तकात त्या वासाला पुठ्ठाच म्हणतात!" आणि त्याने मला चक्क मिठी मारली. 'ऑसम' म्हणणाऱ्या कुणाला त्याने मिठी मारल्याचं ऐकिवात नाही.

मग ताज्या केगमधला दुसरा पेला आला. पुठ्ठा गायब. संत्रं पुढे आलं, पाव खरपूस झाला, सगळं जागच्या जागी. मी तो पन्नास गुणांचा कागद मागून घेतला आणि रकाने भरून बेरीज केली : ३६. त्या कागदाच्या हिशेबाने 'फार चांगली'.

"म्हणजे आवडली?" भाचा म्हणाला.

"नाही," मी म्हणालो. "शेवटी तो कडूपणा जिभेवर रेंगाळतो, तो मला सोसत नाही."

तो गोंधळला, पण मला त्यात गोंधळ दिसत नाही. कारलं मला आवडत नाही. तरी आमच्या हिचं भरलं कारलं उत्तम असतं, हे मी शपथेवर सांगेन. उलट, एस. टी. स्टँडवरचा चार वेळा उकळलेला चहा भिकार असतो हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि तो मला जीव की प्राण आहे. 'चांगलं' हे एक खातं, 'आवडलं' हे दुसरं. पहिल्यात मी चुकीची रक्कम टाकली तर कुणीही येऊन पिंपातली किल्ली दाखवू शकतो. दुसरं खातं माझं एकट्याचं, त्याचं ऑडिट होत नाही. आपण दोन्ही रकमा एकाच खात्यात जमा करतो, त्याला 'छान' असं नाव देतो, आणि मग वर्षअखेर ताळा बसत नाही म्हणून हैराण होतो.

पंगतीत बसून 'मीठ कमी' असं मोठ्याने म्हणणारे सत्यवादी मला ठाऊक आहेत. त्यांच्या पानात मीठ असतंच. त्यांना यजमानाला आपण कोण ते कळवायचं असतं. त्यांच्याविषयी मी बोलत नाही.

मी बोलतोय ते आमच्या वडिलांसारख्यांविषयी. वडील जेवताना बोलत नसत. ताट स्वच्छ करून उठत. आई मग आम्हाला विचारायची, "काही म्हणाले का रे?" त्यांनी वाटी पुन्हा पुढे केली का, भाताला आमटी किती घेतली, यावरून ती निष्कर्ष काढायची. पंचांगावरून पाऊस काढतात तसा. माणूस चांगला होता. चूक काढू नये, इतकंच त्यांनी मनाशी ठरवलेलं असावं. त्यांच्या तेराव्यानंतर आई एकदा अळू चिरता चिरता म्हणाली, "अळूचं फदफदं त्यांना आवडायचं की नुसतं संपवायचे, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही." तक्रारीचा सूर नव्हता. माहिती मिळाली नव्हती, एवढंच. एकेचाळीस वर्षं रोज दोन वेळा पेपर लिहायचा, आणि गुणपत्रिका एकदाही हातात नाही. वडिलांचं ते गप्प राहणं आणि आमचं ऊठसूट 'छान' म्हणणं, यांत करणाऱ्याच्या दृष्टीने कितीसा फरक आहे, हे मी अजून ठरवतो आहे.

त्या रात्रीच अक्काचा फोन आला.

"गेला होतास म्हणे त्याच्याकडे. कसं झालंय रे ते त्याचं... सरबत?"

"चांगलं झालंय, अक्का. मला आवडलं नाही."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, "आणि हे असं त्याला सांगितलंस?"

"दोन्ही सांगितलं."

"रागावला?"

"जेवू घातलं त्याने मला."

अक्का काही बोलली नाही. अळू चिरताना आई ते म्हणाली, तेव्हा कोळ घालायला चिंच भिजवत अक्काही शेजारीच बसली होती. मग एकदम तिचा आवाज बदलला. "बरं, मागच्या महिन्यात मी लिंबाचं लोणचं पाठवलं होतं. तू काही बोललाच नाहीस त्याबद्दल."

"अक्का," मी म्हणालो, "जवळ कागद-पेन्सिल आहे का? घे. वासाला बारापैकी..."