रंगाखालचा रंग

बसा.

वसमतच्या मोंढ्यापासून थोडं लांब, कडुनिंबाखाली. उन्हाळा लागला आहे. हळदीचे दिवस आहेत. कुणाच्या शेतात कढई चढली आहे, कुणाची शिजलेली हळद उन्हात पसरली आहे.

वास येतो आहे. ओला, मातकट, जरासा उग्र.

तो आत घ्या. सावकाश.

सोडा.

समोर एक ट्रक उभा आहे, असं धरा. लष्करातून बाद झालेला, लिलावात निघालेला. मग कुणीतरी हौसेनं घेतलेला आणि पदरचे पैसे नि सुट्टीचे दिवस घालून पुन्हा चालता केलेला.

शक्तिमान.

(नाव घेतलं की दूरदर्शनवरचा गिरक्या घेणारा आठवतो. आठवू द्या. त्यालाही सावलीत बसू द्या. तो १९९७ साली आला. तोवर ही गाडी बनायची बंदही झाली होती.)

गाडीभोवती फिरू नका. कितीला घेतली, विचारू नका. किती ॲव्हरेज देते, हेही नको.

फक्त बोनेट पाहा.

पुढे आलेलं, गोल वळणाचं. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला या गाड्या बनू लागल्या, १९५९ पासून. पुढे १९६९ साली तिथंच खास वाहनांचा कारखाना उभा राहिला. १९९६ पर्यंत हेच वळण, हेच नाक. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत याच नाकानं धूळ खाल्ली.

आत्ता ते धूळ खात नाही. सावलीत आहे.

पाहत राहा.

रंग कोणता आहे?

निळा.

इथे थोडं थांबायला होतं. लष्करी गाडी, आणि निळी?

नियमच तसा आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार लष्कराच्या गाड्या सोडून दुसऱ्या कुठल्याही गाडीला ऑलिव्ह हिरवा रंग देता येत नाही. लष्करी गाडी कोणती, हे लांबून ओळखू यावं. नियम रास्त आहे, मला त्याबद्दल तक्रार नाही.

पण त्यामुळे असं होतं, की ही गाडी नावावर झाली की तिचा पहिला रंग जातो. इंजिन उघडता येतं, पाटे बदलता येतात, फाळक्याला नवं लाकूड बसवता येतं. सगळं पूर्वीसारखं करता येतं. रंग तेवढा नाही.

श्वास घ्या.

आता बोनेटच्या बिजागरीपाशी या. आतल्या बाजूला. जिथे स्प्रेची बंदूक नीट पोचत नाही, तिथे.

एक टवका उडाला आहे. नखाएवढा.

जवळ या. अजून जवळ.

वर निळा. त्याच्याखाली तांबडा प्रायमर, पातळ. त्याच्याखाली हिरवा. मंद, धुळकट, जराही न चमकणारा. आणि मधोमध, ठिपक्याएवढा, उघडा पत्रा.

तिथेच राहा.

काही करायचं नाही. लांबी भरायची नाही. पॉलिश पेपर हातात घ्यायचा नाही. नुसतं पाहायचं.

हिरव्याकडे पाहा.

हा रंग लपण्यासाठी आहे. झाडीत, गवतात दिसू नये म्हणून दिलेला. आता निळ्याखाली तो खरोखरच लपला आहे.

या मुलखाला लष्करी गाड्या नव्या नाहीत. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य निजामाच्या राज्यात शिरलं आणि १७ तारखेला सगळं आटोपलं. वसमत तेव्हा परभणी जिल्ह्यात. सैन्याकडे तेव्हा शक्तिमान नव्हती. होत्या त्या दुसऱ्या महायुद्धातून उरलेल्या विलायती, अमेरिकी बनावटीच्या गाड्या.

ते आठवून झालं. परत टवक्यापाशी या.

आता कान द्या.

गाडी नुकतीच बंद केली आहे. बोनेटखाली लोखंड निवतं आहे. टक्. मग बराच वेळ काही नाही. टक्.

दोन आवाजांच्या मधे जे आहे, ते ऐका.

पुन्हा.

टक्.

आता डोळे मिटा. उजवा तळहात उघडा, मांडीवर ठेवा.

त्यावर तीच गाडी आहे.

लहान. पस्तीसपट लहान. लष्करी गाड्यांच्या प्रतिकृती बहुतेक याच मापात करतात, एकास पस्तीस. मीटरभर उंचीचं चाक तीन सेंटिमीटरहूनही कमी. शेजारी उभा जवान पाच सेंटिमीटरांच्या आत. दोन सेंटिमीटरचा नट अर्ध्या मिलिमीटरहून किंचित मोठा. तो चिमट्यात धरायचा, आणि श्वास तेवढ्यापुरता रोखायचा.

वजन जाणवतं का? नसल्यासारखं आहे.

लहान करून घडवणं आपल्याकडे नवीन नाही. कडब्याचा धांडा घ्यायचा, वरची साल सोलायची, आतला पांढरा हलका गाभा कापायचा आणि सालीच्याच काड्या खोचून बैलगाडी करायची. हे इथल्या खळ्यावर पोरं पिढ्यान्‌पिढ्या करत आली. मापाचा कागद नसे. रोज पाहिलेली गाडी बोटांना पाठ असे. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी रेल्वेचं एक अख्खं लहान जग मांडलं, ते १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. तिथेही मोठी माणसं वाकून बघतात, आणि बोलणं आपोआप हळू होतं.

तळहाताकडे परत या.

ही गाडी रंगवायची आहे.

हिला नियम लागू नाही.

हिला हिरवा देता येतो.

हे वाक्य थोडा वेळ जवळ असू द्या.

वाटीत रंग काढा. ऑलिव्ह हिरवा, डबीवर लिहिलेला, लष्करी छटेचा. ब्रश बुडवा. एक हात द्या. थांबा. वाळू द्या.

पाहा.

काळपट दिसतो, नाही?

रंग खोटा नाही. लहान गाडी आपण फूटभर अंतरावरून पाहतो. या मापात फूटभर म्हणजे खऱ्या गाडीपासून दहा मीटरांवर उभं राहणं. दहा मीटरांत हवा असते, उजेड असतो, धूळ असते. त्या सगळ्यातून येताना हिरवा जरा फिका होतो. लहान गाडीच्या नि डोळ्याच्या मधे तेवढी हवा नाही. म्हणून ती हवा रंगातच घालावी लागते. म्हणून प्रतिकृती करणारे मूळ रंगात थोडा पांढरा मिसळतात. कुणी पिवळट छटाही घालतं.

एक थेंब.

ढवळा. हळू.

अजून एक.

पुरे कधी म्हणायचं, ते डबीवर लिहिलेलं नसतं. टवक्याशी जुळवून पाहायचं. डोळा तिथे, डोळा इथे. तिथे. इथे.

घाई नको. हळद वाळायलाही दिवस लागतात.

मला विचाराल तर या छंदातलं सगळ्यात मोठं काम हेच आहे. कापणं, चिकटवणं हाताला सवयीनं जमतं. पण एका रंगाकडे इतका वेळ पाहत राहणं, त्यात दुसरा कुठलाही विचार न आणता, हे दर वेळी नव्यानंच करावं लागतं.

दुसरा हात द्या. पातळ.

वाळू द्या.

श्वास आत. श्वास बाहेर.

आता नंबर राहिला.

मोठ्या गाडीवर पाटी आहे, एमएच ३८, हिंगोलीची. ती मोठ्या गाडीची. लहान गाडीला तिचा लष्करातला नंबर द्या. काळ्या पट्टीवर आधी सरळ वर गेलेला बाण. मग वर्षाचे दोन आकडे. मग बाकीचं.

सगळ्यात बारीक ब्रश घ्या. टोक ओठांनी ओलं करू नका, रंग पोटात जातो.

मनगट टेबलावर टेकवा. श्वास सोडत सोडत रेघ खालून वर ओढा. रेघ संपेपर्यंत मधे थांबू नका.

आता बाणाची दोन्ही पाती. डावं. उजवं.

हललं तर हलू द्या. वाळायच्या आत थिनरच्या बोळ्यानं निघतं. पुसा, आणि बाण पुन्हा काढा.