मधले तीन महिने

उलट्या थांबल्या की घर जरा सैलावतं. चौथा महिना लागलेला असतो, तोंडाला चव आलेली असते आणि पोट अजून साडीच्या निऱ्यांत लपतं. गरोदरपणातले सगळ्यांत सुखाचे दिवस हेच, असं पुस्तकांत लिहिलेलं असतं आणि ते खोटंही नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांत मात्र या सुखाचा अर्थ सरळ असतो: बाई पुन्हा कामाची झाली. ‘आता बरी हायेस नं, मंग चाल वावरात.’

आणि वावरात त्या वेळी काय चाललेलं असतं, ते पाहण्यासारखं आहे. आषाढात दिवस गेले असतील तर चौथा, पाचवा आणि सहावा महिना दसरा ते संक्रांत या काळात येतो. कापूस फुटण्याचा आणि वेचणीचा हंगामही नेमका तोच. कमरेला ओटी बांधायची, वाकून ओळीतून पुढे सरकायचं, दोन्ही हातांनी बोंडातला कापूस ओढून ओटीत टाकायचा. वाळलेल्या बोंडाची टोकं नखांच्या कडेला रुततात. ओटी भरत जाते तसा तिचा भार नेमका ओटीपोटावर येतो, आणि भरली की ती गाठोड्यात रिकामी करून पुन्हा वाकायचं. मजुरी किलोवर असते, त्यामुळे पाठ सरळ करायला घेतलेला वेळ संध्याकाळी काट्यावर दिसतो. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यातली रजा २०१७ साली २६ आठवड्यांची झाली, त्याचं कौतुकही पुष्कळ झालं. किलोवर कापूस वेचणाऱ्या बाईपर्यंत त्यातला एकही दिवस पोहोचलेला नाही.

बाळाची पहिली हालचाल याच दिवसांत कळते. पहिलटकरणीला साधारण अठराव्या ते विसाव्या आठवड्यात, दुसऱ्या खेपेला थोडी आधी. सुरुवातीला ती इतकी बारीक असते की शरीर स्वस्थ असेल तरच जाणवते. दिवसभर वाकलेल्या बाईला ती बहुधा रात्री, पाठ टेकल्यावरच कळणार.

बाहेरून काही दिसत नसलं तरी आत मोठी उलाढाल चाललेली असते. रक्ताचं एकूण प्रमाण झपाट्याने वाढतं, पण त्यातला पातळ भाग तांबड्या पेशींपेक्षा जास्त वाढतो, म्हणून निरोगी बाईचंही हिमोग्लोबिन या काळात थोडं उतरतं. जिचं मुळातच कमी आहे तिची पंचाईत इथे होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, देशातल्या ५२.२ टक्के गर्भवतींच्या अंगात रक्त कमी निघालं. महाराष्ट्राचा आकडा ४५.७ टक्के. म्हणून चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे किमान १८० दिवस लोहाच्या लाल गोळ्या देतात. आशाताई त्या घरपोच आणून देतात, वहीत नोंदही होते. पुढचं सगळं त्या बाईवर. गोळीने पोट जड होतं, शौचाला काळं होतं, बद्धकोष्ठ होतं, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाकीट फळीवर जातं. जी नेमाने घेते ती बऱ्याचदा सकाळच्या चहासोबत घेते, आणि चहा लोह अंगी लागू देत नाही. लिंबूपाण्यासोबत घ्या, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्या, एवढंच सांगायचं असतं. पण ते सांगायला पाच मिनिटं लागतात आणि गोळ्या वाटायला एक.

या महिन्यांना मुदतीही आहेत. पाचव्या महिन्याची सोनोग्राफी अठरा ते वीस आठवड्यांच्या दरम्यान व्हावी लागते, कारण बाळाच्या मणक्यातले, हृदयातले दोष तेव्हा दिसू शकतात. गंभीर व्यंग निघालं तर निर्णयाला कायद्याची चौकट आहे: २०२१ च्या दुरुस्तीनंतर ठरावीक परिस्थितीत गर्भपाताची मर्यादा २० वरून २४ आठवड्यांवर गेली, त्यापुढे वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं. विदर्भात सिकलसेलचाही प्रश्न आहे. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. ती वाहक निघाली की त्याचीही तपासणी लगेच व्हायला हवी, आणि नेमकी तीच ‘सवड नाही’ म्हणून राहते. साखरेची तपासणी चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांत पुन्हा करायची असते.

हे सगळं करायचं कुठे, हा यवतमाळचा खास प्रश्न. जिल्हा सोळा तालुक्यांचा. वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यवतमाळ शहरात, पण वणीला चंद्रपूर जवळ, उमरखेडला नांदेड, आणि तेलंगणाच्या सीमेवरच्या झरी जामणीतल्या कोलामांच्या पोडांना, म्हणजे वस्त्यांना, सगळंच लांब. एसटीत २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे ही मोठी सोय. मात्र दिवस पूर्णच मोडतो.

केळापूर, मारेगाव, राळेगाव, घाटंजी या तालुक्यांतल्या अनुसूचित गावांत २०१५ पासून अमृत आहार योजना आहे: भाकरी किंवा चपाती, भात, डाळ, भाजी, शेंगदाण्याचा लाडू, अंडं किंवा केळी, असं अंगणवाडीत एक वेळचं चौरस जेवण. गर्भवतीने तिथे बसून जेवावं ही कल्पना शहाणपणाची आहे, कारण घरी गेलेला डबा एकटीचा राहत नाही. पण हे जेवण दुपारचं, आणि वेचणीच्या दिवसांत दुपारी बाई वावरात असते.

घरच्यांना काळजी नसते असं नाही. पण आपल्याकडे ती सातव्यात जागी होते. हिरवी साडी, फुलांचे दागिने, पाच-सात घरांची जेवणं, आणि झाकलेल्या दोन वाट्या: पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा करणारं राज्य महाराष्ट्र, १९८८ साली, केंद्राच्याही सहा वर्षं आधी. सोनोग्राफी केंद्रात तशी पाटी असते आणि बाईची सहीही घेतात. अंगणातल्या वाट्या आपल्या जागी आहेत. गंमत म्हणून सोडून द्यावं, पण पेढ्याला होणारा आरडाओरडा आणि बर्फीला होणारं समजूतदार हसू यांतला फरक बसलेल्या प्रत्येकीला कळतो.

सरकारी पैशाची चालही अशीच टोकांकडे झुकलेली आहे. २०१७ च्या मातृवंदना योजनेत एकूण पाच हजार तीन हप्त्यांत मिळत, आणि त्यातला दोन हजारांचा मधला हप्ता किमान एका तपासणीशी बांधलेला होता व सहा महिने उलटल्यावर मिळायचा. नव्या रचनेत पहिल्या बाळासाठी दोनच हप्ते उरले: नोंदणी आणि एका तपासणीनंतर तीन हजार, बाळाची जन्मनोंद व पहिल्या लसी झाल्यावर दोन हजार. कागद कमी झाले हे खरं, पण मधल्या महिन्यांत बाईला दवाखान्यात आणणारा पैसाही गेला. उरलं ते २०१६ पासूनचं सुरक्षित मातृत्व अभियान. दर महिन्याच्या नऊ तारखेला, चौथ्या महिन्यापासून पुढच्या गर्भवतींची डॉक्टरांकडून मोफत तपासणी. नऊला सुटी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी. योजना चांगली आहे. नोव्हेंबरच्या नऊ तारखेला वावरं पांढरी झालेली असतात, आणि त्या दिवशीची मजुरी बुडते ती त्या बाईची, आणि सोबत आलेल्या सासूचीही.