हिस्सा आणि पाळी

कणकवली तालुक्यातल्या कुठल्याही वाडीचा सातबारा उघडा, भोगवटादारांच्या रकान्यात नावांची जत्रा भरलेली दिसेल. जुन्या हस्तलिखित उताऱ्यांवर नावापुढे आणे-पै लिहिलेले असत. मूळ पुरुषाची जमीन सोळा आणे. त्याचे चार मुलगे, प्रत्येकी चार आणे. त्या प्रत्येकाचे पुन्हा चार, म्हणजे एकेक आणा. पुढे तिघे वारस निघाले तर बारा पैंच्या आण्यातले चार-चार पै. वीस गुंठ्यांच्या मळ्यात चार पै म्हणजे साधारण साडेचारशे चौरस फूट. डोंबिवलीत तेवढ्यात वन रूम किचन बसतं आणि त्याला निदान भिंती असतात. मळ्यातले हे साडेचारशे फूट नेमके कुठले, ते कुणीच दाखवू शकत नाही, कारण सरस-निरस वाटप कधी झालेलंच नसतं.

मे महिन्यात येणाऱ्या पाहुण्याला गाव शांत वाटतो. ती शांतता काय आहे ते बघायचं तर जुलैत यावं, लावणीच्या दिवसांत. एकाखाली एक उतरत गेलेले कुणगे, म्हणजे भातखाचरं, असतात. त्यातला वरचा पडीक राहिला की त्याची मेर, म्हणजे कडेचा बांध, कुणी घालत नाही. उंदीर-खेकडे भोकं पाडतात, पहिल्या मोठ्या पावसात मेर फुटते आणि पाणी रांगेने खाली उतरायचं ते गाळ घेऊन एकदम खालच्याच्या तरव्यावर येतं. दोन वर्षांत वरच्या कुणग्यात रानमोडी माजते, तिच्यात रानडुक्कर मुक्काम करतो आणि रात्री जेवायला खाली उतरतो. खालचा शेतकरी एक-दोन हंगाम तग धरतो, मग तोही सोडतो. सातबारावर दोघांची मालकी वेगवेगळी, शेती मात्र एकच होती, हे ती बंद पडताना कळतं.

पडीक का टाकली, असं विचारलं तर मजूर मिळत नाहीत, वानरांनी पुरं केलं, भाताला दर नाही, अशी उत्तरं मिळतात. सगळी खरी आहेत. तरीही खालचा शेतकरी जेव्हा म्हणतो की, मीच वरचा कुणगाही करतो, मेर राखतो, दोन पायली भात पाठवतो, तेव्हा त्याला नकार का मिळतो, हे त्यातलं कुठलंच उत्तर सांगत नाही. नकाराचं कारण घरात हळू आवाजात बोललं जातं: कूळ लागेल.

ही भीती हवेतून आलेली नाही. कणकवली पूर्वी रत्नागिरी जिल्ह्यात होती आणि त्या जिल्ह्यात खोताचा अंमल काय होता ते जुनी माणसं अजून सांगतात. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोतीविरोधी विधेयक मांडलं, जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिलवर गेला. खोती निर्मूलनाचा कायदा १९४९ मध्ये झाला. १९४८ च्या कुळकायद्यात पुढे दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ ला, कृषकदिनी, कसणारं कूळ मालक मानलं गेलं. कलम ‘३२ ग’ची चौकशी, मग ‘३२ म’चं प्रमाणपत्र, हे आकडे इथल्या निरक्षर म्हाताऱ्यांनाही पाठ असत. हा कायदा न्यायाचाच होता, त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण ज्याच्यापासून जमीन सोडवायची तो मालक परका आहे, हे त्यानं गृहीत धरलं होतं. आजचा गैरहजर मालक खोत नाही. तो चुलतभाऊ आहे, भांडुपला राहतो, चतुर्थीला येतो, आणि त्याची स्वतःची आजीसुद्धा कदाचित कूळच होती.

या मालकाला खलनायक करण्यात अर्थ नाही. गिरणीतून, गोदीतून आलेल्या त्याच्या मनीऑर्डरींवर गावची घरं शाकारली गेली, बहिणींची लग्नं झाली. त्याच्या पैशाने जमीन टिकली आणि त्याच्याच नावाने ती आता अडली आहे.

भातशेती, दाट वस्ती आणि पिढीगणिक बारीक होणारे तुकडे हे चित्र जावा बेटाचंही आहे. तिथे नांदणारी व्यवस्था वेगळी होती. एकोणिसाव्या शतकात जावाच्या अनेक गावांत काही भातजमीन गावाच्या सामाईक मालकीची असे. तिचा वाटा मूळ गावकऱ्यांना, ज्यांना ‘गोगोल’ म्हणत, पाळीपाळीने किंवा मुदतीने फिरवून मिळे. वाट्याबरोबर काम यायचं: रस्ते, पाट, पहारा, आणि डच सरकारची वेठही. १८३० नंतर डचांनी सक्तीची ऊस-निळीची लागवड आणली तेव्हा या वेठीचा बोजा भयंकर वाढला, त्यामुळे त्या व्यवस्थेचे गोडवे गायला नकोत. पण एक गोष्ट तिने सोडली नाही: वाटा आणि कामाची जबाबदारी एकाच माणसाकडे राहिली. ज्याला स्वतः कसायचं नसेल त्याच्यासाठी ‘मारो’ होता, निम्म्या पिकाचा तोंडी करार. आपल्याकडची अर्धेल तीच. अर्धेल आपल्याकडे कुळकायद्याच्या धाकाने सुकली.

पाळी आपल्याला अपरिचित आहे असंही नाही. गावऱ्हाटीत देवळातला प्रत्येक मान कामाला बांधलेला असतो: तरंग कुणी धरायचा, गाऱ्हाणं कुणी घालायचं, पालखीला खांदा कुणी द्यायचा. मान हवा तर हजर राहायला हवं. थोरल्या घरातल्या गणपतीचा खर्च यंदा कुणाच्या पाळीत, पुढच्या वर्षी कुणाच्या, हे भावकी तोंडी आणि बिनचूक सांभाळते. पाळीवाला रेल्वेचं तिकीट मिळालं नाही म्हणून कधी सुटत नाही, बस करून येतो. सामाईक मळासुद्धा काही घरांत असाच वर्षावर्षाने फिरत असे. जो ते वर्ष करी, तो मेर बांधी. मला वाटतं, आपलं बिघडलं ते इथे. उताऱ्याने हिस्सा लिहून ठेवला, पाळी लिहिली नाही. जे लिहिलं ते वारसाने वाढत गेलं, जे लिहिलं नाही ते माणसांबरोबर मुंबईला गेलं.

दुसरी बाजूही आहे, आणि ती मला टाळता येत नाही. किनाऱ्याकडचे सडे दलालांनी एकरांच्या हिशोबाने विकत घेतले. आतल्या गावांत पुष्कळ ठिकाणी तसं होऊ शकलं नाही, कारण अठ्ठेचाळीस सह्या कोण गोळा करणार? एकही हयात हिस्सेदार न दुखावता जमीन वाचवणारं असं कुलूप कुठल्याही कायद्याला जमलं नसतं. वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलींना जन्मतः हक्क मिळाला, नावं आणखी वाढली. वाढू देत, त्यांचं येणं फार उशिरा झालं आहे. पण सह्या न जमण्याचा दुसरा परिणाम महामार्गाच्या चौपदरीकरणात दिसला. मोबदल्याच्या वाटणीवर वाद झाला की रक्कम दिवाणी न्यायालयाकडे जाते, आणि जे भाऊबंद मळ्यासाठी कधी एकत्र बसले नाहीत ते तारखांना मात्र नियमाने भेटू लागले.

उपाय कुणाला सुचलाच नाही असं नाही. नीती आयोगाने २०१६ मध्ये शेतजमीन भाडेपट्ट्याचा आदर्श कायदा सुचवला: मालकी मालकाचीच, कसणाऱ्याला ठराविक मुदतीची निश्चिंती आणि कर्ज, विमा मिळण्याची वाट. कागद उत्तम आहे. माझा सवाल साधा आहे: सामाईक मळ्यासाठी त्यावर सही करायची कुणी? निदान भावकीने चतुर्थीत एक दिवस बसून, पाच वर्षांसाठी मळा कुणी करायचा, मेर कुणी बांधायची, हे एका वहीत लिहायला काय हरकत आहे, असं मी बऱ्याच घरांत विचारून पाहिलं. तत्त्वतः सगळ्यांना पटतं. गावात राहणाऱ्या पुतण्याला सोसायटीचं पीककर्ज हवं असतं, भात सरकारी केंद्रावर घालायचं असतं, त्यासाठी उताऱ्यावर पीक आणि हातात संमती लागते. तो फोन लावतो. पलीकडून काका मनापासून सांगतात, ‘‘कर रे तू, तुझोच मळो तो. फक्त कागद नको.’’